अमीन सयानी आणि आपल्या कानांवर झालेले संस्कार

तापीकाठ

१९७० च्या दशकात खानदेशात शाळा-कॉलेज केलेल्या माझ्या पिढीतील बहुतेक मुलींनी त्या काळातले चित्रपट त्या काळात पाहिलेच नव्हते. वर्षाकाठी एखाद-दुसरा, तोही शक्यतो पौराणिक, एवढीच घरातून परवानगी असे. तरीही कोणत्या चित्रपटाला कोणाचे संगीत आहे, गाणे लताबाईंचे की आशाताईंचे, मागच्या आठवड्यापेक्षा ते वर चढले की खाली उतरले, हे सगळे आम्हाला तोंडपाठ असे. ही ओळख आम्हाला रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमाला या कार्यक्रमाचे निवेदक अमीन सयानी यांनी करून दिली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत आलेले बहुतेक लेख त्यांच्या आवाजाविषयी होते. आवाज अपूर्व होता, यात वादच नाही. परंतु माझी गाण्याची आवड घडली ती मुख्यतः त्यांच्या गाणे सादर करण्याच्या रीतीमुळे, असे मला मनापासून वाटते, आणि त्याविषयी इथल्या जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

अमळनेरला आमचा रेडिओ बैठकीच्या खोलीत, उंच फळीवर असे. वाल्वचा मोठा संच होता. बटण फिरवले की आधी काचेमागचा दिवा लागे, मग वाल्व तापेपर्यंत थांबावे लागे आणि त्यानंतर खरखर सुरू होई. लघुलहरींवर सिलोन लावणे हे कसबाचे काम होते. काटा केसभर सरकला तरी भलतेच स्टेशन लागत असल्यामुळे माझे काका ते बटण दोन बोटांत धरून, संचावरच्या हिरव्या डोळ्यासारख्या सूचक दिव्यातली फट मिटत येईपर्यंत, अगदी हळूहळू फिरवीत असत आणि तेवढ्या वेळात घरात कोणी बोललेले त्यांना चालत नसे. बुधवारी रात्री आठ वाजता, गीतमालेच्या वेळी, पुरुषमंडळी बैठकीत बसत आणि आई, काकू व आम्ही बहिणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. त्या आवाजाने ‘बहनो और भाइयो’ अशी हाक मारली की तिच्यात आमचा उल्लेख आधी असे. गावातल्या कोणत्याही सभेत किंवा समारंभात तो तसा होत नव्हता, आणि हे आमच्यापैकी प्रत्येकीच्या लक्षात आले होते.

आता मूळ मुद्दा. सयानी सोळाव्या पायदानावरच्या, म्हणजे लोकप्रियतेच्या क्रमवारीतल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या, गाण्याचे जे आगतस्वागत करीत, ते पहिल्या पायदानावरच्या गाण्यापेक्षा उणे नसे. खालच्या गाण्याला त्यांनी कधी हिणवले, घाईघाईने उरकले, असे मला आठवत नाही. प्रत्येक गाण्याबरोबर ते त्याची माणसे घेऊन येत, म्हणजे गायक, संगीतकार, चित्रपट. मला न आवडणारे गाणे लागले तरी मी उठून जाऊ शकत नव्हते, कारण पुढचे पायदान चुकले असते. त्या नाइलाजाच्या तीन-चार मिनिटांत कान आपसूकच काही तरी शोधू लागत. मधल्या तुकड्यातली बासरी, अंतऱ्याला बदललेला ठेका, कोरसमागे दडलेला एखादा आवाज. जी गाणी मी स्वतः होऊन कधीच ऐकली नसती, त्यांनी मला ऐकायला शिकवले.

मी एक दोनशेपानी वही केली होती. उभ्या रेघा मारून पायदान, मागच्या आठवड्याचे पायदान, गाण्याचे बोल, चित्रपट, गायक आणि संगीतकार असे रकाने पाडले होते. गीतकाराचा रकाना कॉलेजात गेल्यावर वाढवला आणि त्यानंतर जुनी पाने चाळताना लक्षात आले की, चालीमुळे आवडतात असे मी समजत होते त्यांतली कितीतरी गाणी साहिर आणि मजरूह यांची होती.

आपापल्या घरी, आपापल्या गावी हे ऐकणे कसे होते आणि त्यातून तुमची आवड कोणत्या दिशेला गेली, ते कृपया सविस्तर लिहावे.

जुने कात्रण

तापीकाठ ताई, विषय फार चांगला मांडला आहे. आपल्याला सिलोन का लावावे लागत होते, त्याची पार्श्वभूमी नव्या वाचकांसाठी नोंदवून ठेवतो.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांची नितांत श्रद्धा होती आणि चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला. त्याशिवाय चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात करणे, असे मानून नावे सांगणेही बंद झाले. त्यावर निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. नेमक्या त्याच वर्षी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीने आपले धोरण बदलले ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून, आणि तिच्यावर जाहिराती येण्यासाठी १ नोव्हेंबर १९६७ उजाडावा लागला. मुंबई, पुणे आणि नागपूर ही त्या व्यापारी सेवेची पहिली केंद्रे होती.

केसकरांना या कथेतील खलनायक ठरवण्याची प्रथा पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन हे त्यांच्याच कारकिर्दीतले, आणि राजाश्रय संपलेल्या कितीतरी गायक-वादकांना आकाशवाणीने हात दिला तोही याच काळात. आमच्या पुण्यातल्या घरात १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून गीतरामायण ऐकले जाई. त्याच संचावर बुधवारी रात्री सिलोन लागत असे, आणि या दोन्हींत काही विरोध आहे असे माझ्या वडिलांना कधीही वाटले नाही. मंत्रिमहोदयांनी ज्या दोन संगीतांना एकमेकांपासून दूर ठेवले, ती दोन्ही श्रोत्याने आपल्या घरात एकत्र आणली.

मीटरबँड

मी दूरसंचार खात्यात नोकरी केली असल्यामुळे तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने आपल्या सैनिकांसाठी कोलंबोजवळ एकला येथे १०० किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारकडे आला आणि १९५० पासून त्या यंत्रणेवरून व्यापारी सेवा सुरू झाली. त्या काळी भारतातील पुष्कळ केंद्रांचे प्रक्षेपण मध्यमलहरींवर असे. दिवसा त्या लहरी जमिनीच्या कडेने जातात आणि त्यांचा पल्ला मर्यादित राहतो. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून, म्हणजे आयनांबरावरून, परावर्तित होऊन शेकडो कोस दूर उतरतात. म्हणूनच अमळनेरला सुमारे १६०० किलोमीटरवरचे कोलंबो ऐकू येत होते.

रात्री आठची वेळही श्रोत्यांच्या सोयीबरोबर निसर्गाच्या सोयीची होती. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराचा जो खालचा थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि ४१ मीटर तरंगलांबीसारखे पट्टे मोकळे होतात. तरीही एकच लहर दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी संचापर्यंत पोहोचत असल्यामुळे आवाज मधूनमधून भरून येई आणि मधूनच ओसरे. अशा प्रक्षेपणात भरभर, तोंडातल्या तोंडात बोलणारा निवेदक टिकूच शकला नसता. सयानींचे शब्द सुटे, स्वच्छ आणि शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण उच्चारलेले असत. त्यामुळे आवाज ओसरतानाही वाक्याचा अर्थ हातातून निसटत नसे. त्यांच्या शैलीचा हा भाग लघुलहरींनी घडवला, असे मी खात्रीने म्हणेन.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सयानी कोलंबोहून बोलत नव्हते. गीतमालेचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, टेपची रिळे विमानाने कोलंबोला जात आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईतल्या घराघरांत परत येई.

मिरजेचा तंबोरा

सयानींविषयी मला आदर आहे, हे आधीच सांगतो. पण ‘गीतमालेने आवड घडवली’ या विधानाशी मी सहमत नाही. गीतमालेने लोकप्रियता मोजली आणि ती आपल्याला परत ऐकवली. लोकप्रियता आणि आवड या निराळ्या गोष्टी आहेत.

वार्षिक यादीतली अग्रस्थाने पाहा. १९५३ मध्ये अनारकलीसाठी सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे चितळकर, पहिल्या वार्षिक यादीत पहिले आले, याचा मला अभिमान आहे. पुढे शंकर-जयकिशन आणि त्यानंतर लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ती जागा कितीदा पटकावली ते मोजावे लागेल. त्यांची योग्यता मी नाकारत नाही. पण वसंत देसाई आणि सलील चौधरी यांचे एकही गाणे वर्षअखेरीस त्या स्थानी पोहोचले नाही. ज्या मुलाने केवळ गीतमाला ऐकली असेल, त्याला या मंडळींच्या खऱ्या मोठेपणाची कल्पना कशी यावी?

माझ्या कानांवर संस्कार केले ते सिलोनच्याच सकाळच्या कार्यक्रमाने. साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी सुरू होत आणि आठच्या आधीचे शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असे. हा क्रम वर्षानुवर्षे पाळला गेला. तिथे क्रमांक नव्हते, बक्षीस नव्हते, चढाओढ नव्हती. विजय किशोर दुबे, गोपाल शर्मा, मनोहर महाजन या निवेदकांनी सिलोनची जी घडी बसवली, तिच्यात गाण्याच्या आधी मोजके बोलून बाजूला होण्याचा संयम होता. माझे घर तंतुवाद्यांच्या गल्लीजवळ. खाली तारा जुळवण्याचे काम सुरू झालेले असे आणि वर सैगल. सयानींचे बोलणे मोहक होते, पण गाण्यापेक्षा त्यांचेच बोलणे लक्षात राही, ही माझी तक्रार आजही आहे.

तापीकाठ

मिरजेचे तंबोरा, आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते. यादी म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मलाही मान्य आहे, आणि मला वाटते स्वतः सयानींनाही ते मान्य असावे, कारण कोणते गाणे चांगले आणि कोणते वाईट असा निवाडा ते कधी करीत नसत. माझे म्हणणे यादीविषयी नाहीच. एका तासात सोळा गाणी, सोळा तऱ्हांची, एकाच माणसाच्या सारख्या जिव्हाळ्याच्या बोलण्यातून ओळीने समोर येत, त्या अनुभवाविषयी मी बोलते आहे. आपल्याला घराजवळच तारा जुळवणारे हात पाहायला मिळाले. आमच्याकडे गिरणीचा भोंगा, रामाच्या देवळातले भजन आणि लग्नातला बँड, एवढेच संगीत होते. गाण्यामागे संगीतकार नावाचा कोणी माणूस असतो, तो प्रत्येक वेळी निराळा असतो आणि त्याची म्हणून एक ढब असते, हेच आम्हाला आधी कोणी तरी सांगायला हवे होते.

त्यांचे बोलणे गाण्यापेक्षा लक्षात राही, हे आपले म्हणणे मात्र मला पटत नाही. आज डोळे मिटले तर मला त्यांचा स्वर आठवतो, वाक्ये फारशी आठवत नाहीत, पण त्या वाक्यांच्या पुढे आलेली गाणी मधल्या संगीतासकट आठवतात.

वर्धेचा वाचक

सयानींच्या भाषेचा उगम आमच्या भागाशी जोडलेला आहे, म्हणून लिहितो. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने प्रौढशिक्षणाच्या कार्यात होत्या. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढीत, आणि त्यातला सोप्या हिंदुस्तानीतला मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत छापला जाई. अमीन लहानपणापासून त्या कामात आईला मदत करीत होते. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाला कळेल असे वाक्य कसे लिहावे, हे ज्या मुलाने घरातच पाहिले, तो पुढे कोट्यवधी श्रोत्यांशी तशाच सोप्या वाक्यांत बोलला. घरात गुजराती, थोरले बंधू हमीद सयानी इंग्रजीतले नामांकित निवेदक, शिक्षण मुंबईत आणि ग्वाल्हेरच्या सिंदिया शाळेत, असे सगळे मिश्रण होते. आकाशवाणीच्या हिंदी विभागाने सुरुवातीला त्यांना नाकारले, कारण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा जाणवत होती. अशा माणसाने पुढे हिंदी बोलण्याचा एक नमुनाच देशापुढे ठेवला.

माझ्यासाठी हे फार महत्त्वाचे होते. घरी वऱ्हाडी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि हिंदीच्या तासाला जड संस्कृत शब्दांचे धडे. गीतांमधल्या उर्दू शब्दांची भीती वाटे. सयानी ते शब्द बोलताना सहज वापरीत आणि आजूबाजूच्या वाक्यांमुळे त्यांचा अर्थ उलगडत जाई. पुढे मी गझलेकडे वळलो, देवनागरीत छापलेले उर्दू काव्यसंग्रह विकत घेऊ लागलो, त्याची पायाभरणी बुधवारच्या त्या तासांत झाली होती. तापीकाठ ताई साहिर आणि मजरूह यांच्याविषयी जे लिहितात, तोच माझाही अनुभव आहे.

सोलापुरी रेकॉर्ड

आमचे वडिलांपासून रेकॉर्डचे दुकान होते. त्यामुळे गीतमाला आमच्या घरी करमणुकीची तशीच धंद्याचीही गोष्ट होती. गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर दोन-तीन गिऱ्हाइके उभी असत आणि आदल्या रात्री जे गाणे एकदम चार-पाच पायदाने चढले असेल, त्याचीच मागणी असे. वडील बुधवारी रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि कोणती तबकडी किती मागवायची त्याचा अंदाज बांधीत.

यादी कशी बनत होती, हेही सांगितले पाहिजे. सुरुवातीला गीतमाला अर्ध्या तासाची होती. सात गाणी वाजवली जात आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठवणाऱ्या श्रोत्याला १०० रुपयांचे बक्षीस असे. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याला ६५,००० पत्रांपर्यंत मजल गेली. संहिता लिहायची, निवेदन करायचे आणि ती पत्रेही तपासायची, या सगळ्यासाठी विशीतल्या सयानींना आठवड्याला २५ रुपये मिळत होते. एवढी पत्रे हाताळणे अशक्य झाल्यावर स्पर्धा बंद करून १९५४ पासून तासाभराचा, सोळा गाण्यांचा, खालून वर जाणारा क्रम सुरू झाला. तो रेकॉर्डांच्या विक्रीवर आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या मतांवर ठरत असे.

आता दुकानदार म्हणून एक निरीक्षण. विक्रीवरून यादी ठरे आणि यादीवरून विक्री वाढे, हे चक्र होते, यात शंका नाही. पण सयानींनी श्रोता संघांची मते त्यात मिळवली, त्याने छोट्या गावांना वजन आले. रेकॉर्ड विकत घेण्याची ऐपत नसलेले, रेकॉर्डप्लेअर कधी न पाहिलेले लोक पोस्टकार्डाच्या जोरावर त्या यादीत सहभागी होऊ शकत होते. झुमरी तिलैया या तेव्हाच्या बिहारमधल्या (आता झारखंड) गावाचे नाव बाहेर कोणाला ठाऊक असण्याचे दुसरे काय कारण होते? आमच्या भागातल्या एका श्रोता संघात विडी कामगारांची आणि चादरीच्या मागावर काम करणाऱ्यांची मुले होती. ती हॉटेलातल्या रेडिओभोवती जमून मतदान करीत आणि एकाच्या सुवाच्य अक्षरात कार्ड लिहून टाकीत. त्या मुलांनी पुढे दुकानात येऊन ज्या जाणतेपणाने चौकशी केली, ती मी गल्ल्यावर बसून ऐकलेली आहे. नौशादांचे अमुक गाणे कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना माझ्या वडिलांच्या आधी माहीत असे. मिरजेच्या मित्रांना नम्रपणे विचारतो की, ही आवड नव्हे तर दुसरे काय?

नवी पिढी, जुना संच

मी १९८० च्या दशकात जन्मलेली. माझ्या वाट्याला आली ती विविध भारतीवरची गीतमाला. १९८९ मध्ये ती सिलोनवरून इकडे आली, तेव्हा तिचे नाव सिबाका गीतमाला झाले होते. त्या वेळी घरात दूरदर्शन होते, कॅसेटी होत्या, आणि आवडते गाणे हवे तेव्हा मागे नेऊन पुन्हा ऐकता येत होते. त्यामुळे थांबण्याची, वाट पाहण्याची जी गोष्ट तापीकाठ ताईंनी लिहिली आहे, ती मला फार थोडी अनुभवता आली. मात्र सरताज, म्हणजे शिरोमणी ठरलेल्या, गीताच्या आधीचे बिगूल मला लख्ख आठवते. आजोबा त्या क्षणी हातातले पुस्तक मिटून ठेवीत.

सारेगामाने पुढे ‘गीतमाला की छाँव में’ ही मालिका सयानींच्याच निवेदनासह काढली. ती ऐकताना आई सतत पुढचे पायदान आधीच सांगत असे, आणि तिचे बहुतेक बरोबर येई.

मिरजेचा तंबोरा

सोलापूरकर, आपण मागावरच्या मुलांचे जे लिहिले, ते वाचून मी बराच वेळ थांबलो. श्रोता संघांची बाजू मी विचारात घेतली नव्हती, आणि या मुलांची आवड खरी नव्हती असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तरीही माझा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. मी मुद्दामच वर मदनमोहन यांचे नाव घेतले नव्हते, कारण त्यांचे उदाहरण सर्वांत बोचरे आहे. त्यांच्या चाली आज ज्या भक्तीने ऐकल्या जातात, त्याच्या मानाने गीतमालेने त्यांना त्यांच्या हयातीत काय दिले? १४ जुलै १९७५ रोजी ते गेले. वार्षिक अग्रस्थान त्यांना मिळाले ते १९७७ मध्ये, ‘लैला मजनू’तल्या लताबाईंनी गायलेल्या ‘हुस्न हाज़िर है’ या गाण्यासाठी, म्हणजे मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्या चित्रपटाचे उरलेले संगीत जयदेव यांना पूर्ण करावे लागले होते. सयानी कितीही आदराने बोलले असले, तरी मोजणारी फूटपट्टीच अपुरी होती, एवढेच मला म्हणायचे आहे.

तापीकाठ

मदनमोहन यांचे नाव आपण काढलेत, म्हणून लिहिते, कारण माझ्या बाबतीत बुधवारची गीतमाला आणि सकाळची जुनी गाणी या दोन गोष्टी एकमेकींना नेमक्या तिथेच येऊन मिळतात.

मी आधीच्या प्रतिसादात यादीचा बचाव केला नव्हता आणि आताही करत नाही. फूटपट्टी अपुरी होती. मदनमोहन यांना त्यांच्या हयातीत ते स्थान मिळायला हवे होते, आणि मिळाले नाही याचे वाईट मलाही वाटते. परंतु १९७७ चे ते गाणे मी पहिल्यांदा ऐकले ते याच कार्यक्रमात. चित्रपट पाहण्याचा प्रश्नच नव्हता. वहीच्या संगीतकाराच्या रकान्यात ते नाव आठवड्यामागून आठवडे लिहिताना मला सारखे वाटत राहिले की, हा माणूस याआधी कुठे होता आणि त्याने आणखी काय केले आहे? घरात विचारावे तर काकांना नाव ठाऊक होते, पण गाणी सांगता येत नव्हती. अमळनेरला जुन्या रेकॉर्डी मिळण्याची सोय नव्हती.

तेव्हा एका मैत्रिणीने सांगितले की सिलोनलाच सकाळी साडेसातला लाव, तिथे जुनी गाणी लागतात. सकाळच्या वेळी ४१ मीटरवर काही धड लागेना, म्हणून काकांनी २५ मीटरचा पट्टा शोधून दिला. मीटरबँड यांनी त्याचे कारण आज सांगितले, तेव्हा ते उमगले नव्हते. मग सुट्टीच्या दिवशी मी त्या कार्यक्रमासाठी वेगळी वही घातली. तिच्यात पायदानांचा रकाना नव्हता. मदनमोहन यांची पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांतली गाणी मला तिथे एकेक करून भेटत गेली. लताबाईंचा तरुण आवाज, सतार, आणि गझलेला दिलेली ती संथ, भारदस्त चाल. त्यांच्या मागोमाग सलील चौधरी आले, वसंत देसाई आले, रोशन आले. सैगल मला सुरुवातीला मुळीच कळले नाहीत. पण आठच्या आधी त्यांचे गाणे ऐकल्याशिवाय रेडिओ बंद करायचा नाही, असे मी ठरवले, कारण नावडते गाणेही पूर्ण ऐकायची सवय बुधवारी लागलेली होती. हळूहळू तेही कळू लागले.

आपल्या सकाळच्या निवेदकांचे ऋण माझ्यावरही आहे, मिरजकर. मात्र त्यांच्यापर्यंत मला सयानींनीच आणून सोडले. आपण त्या सकाळच्या कार्यक्रमावर आणि विशेषतः गोपाल शर्मा व मनोहर महाजन यांच्या निवेदनावर स्वतंत्र धागा काढावा, अशी आग्रहाची विनंती आहे. दुसऱ्या वहीची जी पाने वाचण्याजोगी आहेत, ती मी तिथे टंकून देईन.